फेरफार नोंदीवर हरकत कशी घ्यावी आणि अपील कसे चालवावे

गावातल्या जमिनीत काही बदल झाला, म्हणजे खरेदी झाली, वारस लागले, वाटप झाले किंवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढला, की त्याची पहिली नोंद गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, धरली जाते. ती नोंद प्रमाणित झाली की सातबाऱ्यावर एका नावाला कंस पडतो आणि दुसरे नाव चढते. हे सगळे कारकुनी काम वाटते आणि म्हणून पुष्कळ लोक तिकडे लक्ष देत नाहीत. परंतु नोंद प्रमाणित करणे हा कायद्याच्या दृष्टीने सक्षम अधिकाऱ्याने दिलेला निर्णय असतो. त्याविरुद्ध अपील करता येते, अपिलाच्या निकालाविरुद्ध वरच्या पायरीवर जाता येते, आणि प्रत्येक पायरीवर आधीच्या अधिकाऱ्याने निर्णय कसा घेतला हे तपासले जाते.

महसुली प्रकरणांचे कागद तयार करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. येणारा माणूस बहुतेक वेळा थेट अपिलासाठीच येतो, आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नोटीस आली तेव्हा तुम्ही लेखी काय दिले? ‘तलाठ्याला तोंडी सांगितले होते’ असे उत्तर आले की पुढची वाट अवघड आहे हे कळते. वरिष्ठ अधिकारी खालचा निर्णय तपासतो तो मुख्यतः खालच्या कार्यालयातून मागवलेल्या संचिकेवरून. त्या संचिकेत तुमचा कागद नसेल, तर तुमचे म्हणणे तिथे मांडलेच गेले नव्हते असे धरले जाते. म्हणून या लेखात अपिलापेक्षा हरकतीसाठी मिळणाऱ्या पहिल्या पंधरा दिवसांवर अधिक भर दिला आहे.

फेरफार नोंदीत काय ठरते आणि काय ठरत नाही

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४८ ते १५९ च्या आसपास अधिकार अभिलेखाची, म्हणजे कोणत्या जमिनीत कोणाचा काय हक्क आहे या नोंदींची, सगळी व्यवस्था आहे. कलम १४९ प्रमाणे ज्याला जमिनीत हक्क मिळाला त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते; दस्त नोंदणीकृत असेल तर कलम १५४ प्रमाणे नोंदणी कार्यालयाकडूनच खबर येते. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, पण लोकांच्या आणि कायद्याच्या बोलण्यात तलाठी हाच शब्द आहे, म्हणून तोच येथे वापरतो. कलम १५० मध्ये नोंद कशी धरायची, नोटीस कोणाला द्यायची, हरकत आली तर काय करायचे आणि प्रमाणित कोणी करायचे हे सांगितले आहे. या विषयावर एकच कलम वाचायचे असेल तर हे वाचावे.

या सगळ्यात एक मर्यादा सुरुवातीलाच मनात पक्की असावी. फेरफार नोंद मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही. ती महसुलाच्या प्रयोजनासाठी, म्हणजे सारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी, ठेवलेली नोंद आहे, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितली आहे. जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २०२१ च्या प्रकरणात मृत्युपत्रावरून नाव लावण्याचा वाद होता, आणि असा वाद असेल तर दिवाणी न्यायालयातून हक्क ठरवून घ्यावा लागेल, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मात्र याचा अर्थ नोंदीला किंमत नाही असा घेऊ नये. कलम १५७ प्रमाणे प्रमाणित झालेली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. बँक, खरेदीदार, पीक विम्याचे कार्यालय आणि भूसंपादन अधिकारी हे सगळे सातबाराच पाहतात. चुकीची नोंद दहा वर्षे तशीच राहिली तर ती खोटी आहे हे दाखवण्याचे ओझे तुमच्यावर येते.

त्यामुळे हरकत लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की माझा वाद नोंदीचा आहे की हक्काचा. बहिणीचे नाव वारसांत धरलेच नाही, नोटीस दिलीच नाही, दस्तात एक गट आणि नोंदीत दुसरा गट आहे, हे नोंदीचे वाद आहेत. मृत्युपत्र खोटे आहे, खरेदीखत फसवून करून घेतले, जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, हे हक्काचे वाद आहेत आणि ते तहसील कार्यालयात सुटत नाहीत. दुसऱ्या प्रकारचा वाद असेल तर हरकत जरूर घ्यावी, पण तिच्या भरवशावर बसू नये. दिवाणी दाव्याची तयारी त्याच आठवड्यात सुरू करावी. दावा दाखल झाल्यावर त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी, कारण दावा चालू असताना जमीन विकणाऱ्याला बांधून घालणारा नियम आपल्याकडे अशी नोटीस नोंदवल्यावरच पुरता लागू पडतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातला हा स्थानिक बदल १९३९ पासूनचा आहे, तरी तो माहीत नसलेले पक्षकार मला आजही भेटतात.

नोटिशीनंतरचे पंधरा दिवस

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. वडील वारले. दोन भावांनी वारस नोंदीसाठी अर्ज केला आणि त्यात आई व आपली दोन नावे दिली. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या बहिणीचे नाव दिले नाही. तलाठ्याने नोंद धरली. कायद्याप्रमाणे नोंद धरताक्षणीच तिची प्रत चावडीत ठळक जागी लावायची असते आणि अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो त्या सर्वांना लेखी कळवायचे असते. आता अडचण अशी, की बहिणीचे नाव अभिलेखात कधी नव्हतेच, म्हणून तिला नोटीस निघत नाही, आणि चावडीतला कागद पाहायला ती गावात नसते. हरकतीसाठीचे पंधरा दिवस तिच्या नकळत निघून जातात.

यावर एक साधा उपाय आहे. माहेरच्या जमिनीचा गट क्रमांक माहीत असणाऱ्या कोणीही ‘आपली चावडी’ या शासकीय संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून त्या गावात सध्या कोणत्या नोंदी धरल्या आहेत हे पाहू शकतो. तिथे फेरफार क्रमांक, नोंदीचा प्रकार, नोंद धरल्याची तारीख आणि हरकतीचा शेवटचा दिवस दिसतो. घरात मृत्यू झाल्यानंतर काही महिने दर आठवड्याला एकदा हे पान पाहण्याची सवय ठेवावी. पुणे-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्यांना तर याहून सोपा मार्ग नाही.

नोंद दिसली की हरकत लेखी द्यावी. कायदा तोंडी हरकतही मान्य करतो, आणि ती आली तरी तलाठ्याने तिचा तपशील विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-अ मध्ये, लिहिणे बंधनकारक आहे. पण तोंडी हरकत घेतली होती हे दोन वर्षांनी प्रांतांसमोर, म्हणजे अपील ऐकणाऱ्या उपविभागीय अधिकाऱ्यासमोर, कशाने दाखवणार? हरकतीचा अर्ज लांबलचक नसावा. त्यात गाव, गट क्रमांक, फेरफार क्रमांक, तुमचे नाते, हरकतीचे नेमके कारण, सोबतचे कागद आणि मागणी एवढे असले म्हणजे पुरे. वरच्या उदाहरणातल्या बहिणीचा अर्ज साधारण असा होईल:

‘मौजे अमुक येथील गट क्रमांक अमुक या जमिनीबाबत धरलेल्या फेरफार क्रमांक अमुक या नोंदीस माझी हरकत आहे. मयत खातेदार हे माझे वडील असून मी त्यांची मुलगी व हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गाची वारस आहे. सदर नोंदीत माझे नाव वगळण्यात आले आहे. मी माझा हक्क कोणाच्याही लाभात सोडलेला नाही व तसा कोणताही नोंदणीकृत दस्त करून दिलेला नाही. मला या नोंदीची नोटीस मिळालेली नाही. माझा शाळा सोडल्याचा दाखला व शिधापत्रिकेची जुनी प्रत सोबत जोडली आहे. ही हरकत विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत नोंदवून मला लेखी पोच द्यावी, सुनावणीची नोटीस पुढील पत्त्यावर पाठवावी आणि माझे म्हणणे ऐकल्याशिवाय नोंद प्रमाणित करू नये.’

या मजकुरात ‘हक्क सोडलेला नाही’ हे वाक्य मुद्दाम घातले आहे. वारस प्रकरणांत एक जुनी युक्ती चालते: बहिणींनी तलाठ्यासमोर जबाब देऊन भावांच्या लाभात हक्क सोडला असे दाखवायचे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडण्याचा दस्त १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. चार ओळींच्या जबाबाखालच्या अंगठ्याने तो सुटत नाही. मुलीचा वारसा १९५६ पासूनचा आहे. सहहिस्सेदार म्हणून जन्मतः मिळणारा हक्क महाराष्ट्राने आपल्या दुरुस्तीने १९९४ मध्ये, आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून दिला, आणि त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात ठरवले. बहिणीने अर्जात हा सगळा इतिहास लिहिण्याची आवश्यकता नाही, पण सुनावणीत कोणी ‘लग्नात हुंडा दिला, आता कसला हिस्सा’ असे म्हणालेच, तर तिच्याजवळ उत्तर असावे.

अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय सज्जावरून, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयातून, उठू नये. कलम १५० च्या पोटकलम ३ मध्ये हरकतदाराला लेखी पोच देण्याचे कर्तव्य तलाठ्यावर टाकलेले आहे, त्यामुळे ती मागताना संकोच करण्याचे कारण नाही. हरकत बरोबर आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तलाठ्याला नाही. ‘तुमची हरकत चालणार नाही’ असे तो म्हणाला तर ते त्याचे मत समजावे आणि अर्ज स्वीकारण्यास नम्रपणे सांगावे. तरीही अर्ज घेतला नाही, तर त्याच दिवशी तहसील कार्यालयाच्या आवक शाखेत प्रत देऊन शिक्का घ्यावा आणि दुसरी प्रत तलाठ्याच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवावी. तीन कागद, दोन तारखा आणि एक शिक्का एवढे भांडवल हाती असेल तर पुढच्या सर्व पायऱ्यांवर ते उपयोगी पडते.

सुनावणी आणि रोजनामा

हरकत नोंदवली गेली की नोंद तक्रारी होते. तक्रार नसलेली नोंद मंडळ अधिकारी, ज्यांना गावात अजून सर्कल म्हणतात, तपासून प्रमाणित करतात. तक्रारी नोंदीचा निर्णय अव्वल कारकुनाच्या दर्जापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याने, दोन्ही बाजू ऐकून, द्यायचा असतो. कायद्याने त्यासाठी सर्वसाधारणपणे एक वर्षाची मुदत घातली आहे. निर्णय देणारा अधिकारी कोणत्या दर्जाचा आहे हे आदेशावरच्या पदनामात पाहावे. ज्याला अधिकारच नाही त्याचा आदेश कितीही सुंदर लिहिलेला असला तरी टिकत नाही.

सुनावणीच्या दिवशी लोक आपल्या वकिलाच्या बोलण्याकडे लक्ष देतात. मी रोजनाम्याकडे लक्ष द्यायला सांगतो. रोजनामा म्हणजे संचिकेत लावलेला, डावीकडे तारखेचा रकाना असलेला आखीव कागद. प्रत्येक तारखेला त्यावर दोन-तीन ओळी लिहिल्या जातात: ‘प्रकरण पुकारले. हरकतदार हजर. सामनेवाले क्रमांक २ गैरहजर. हरकतदार यांनी कागद दाखल केले. पुढील तारीख अमुक.’ खाली हजर असलेल्यांच्या सह्या असतात. सही करण्यापूर्वी त्या ओळी वाचाव्यात. तुम्ही पाच कागद दिले आणि लिहिले गेले ‘म्हणणे दाखल’, तर तिथेच सांगून पाच कागदांची यादी जोडून घ्यावी. कोऱ्या जागेखाली सही करू नये. सामनेवाल्याने त्या दिवशी नवा दस्त दिला असेल तर त्याची प्रत मागावी आणि प्रत मागितल्याचे रोजनाम्यात येऊ द्यावे, कारण तुम्हाला न दाखवलेल्या कागदावर आधारलेला निर्णय अपिलात सर्वांत लवकर कोसळतो.

दुसरी दक्षता बदलीच्या हंगामाची. उन्हाळ्यात अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि ‘निकालावर बंद’ केलेली, म्हणजे सुनावणी संपून निकालासाठी राखून ठेवलेली, प्रकरणे तशीच राहतात. नवा अधिकारी येतो आणि आधीच्याने ऐकलेल्या युक्तिवादावर स्वतः आदेश लिहितो. ज्याने ऐकले त्यानेच ठरवावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये गुल्लापल्ली नागेश्वर राव प्रकरणात सांगितलेले आहे. बदली झाल्याचे कळताच प्रकरण पुन्हा सुनावणीस ठेवावे असा एका ओळीचा अर्ज द्यावा. तो मान्य झाला तर उत्तमच. नाही झाला तरी अर्ज संचिकेत राहतो. याचेच दुसरे रूप म्हणजे ज्याने तहसीलदार म्हणून आदेश दिला तोच पुढे बढतीने प्रांत होऊन त्याच आदेशावरच्या अपिलासमोर बसतो. असे क्वचित घडते, पण घडले तर पहिल्याच तारखेला लेखी हरकत घेऊन प्रकरण दुसऱ्याकडे वर्ग करण्याची विनंती करावी. निकाल विरुद्ध गेल्यावर हा मुद्दा काढला तर तो रडीचा डाव ठरतो.

आदेश कसा वाचावा

आदेश हाती आला की शेवटची ओळ पाहून तो बाजूला ठेवू नये. प्रथम तो ज्या पाकिटातून आला ते पाकीट आदेशाला टाचून ठेवावे आणि मिळाल्याची तारीख त्यावर लिहावी, कारण अपिलाची मुदत आदेश तुम्हाला मिळाला त्या दिवसापासून मोजली जाते. मग आदेश सावकाश वाचावा. एका तहसील कार्यालयातला एक आदेश माझ्यासमोर आला होता. त्यातला निर्णयाचा भाग एवढाच होता: ‘उभय पक्षांचे म्हणणे ऐकले. दाखल कागदपत्रांचे अवलोकन केले. नोंद नियमानुसार असल्याने मंजूर करण्यात येते.’ पक्षकार म्हणाला, यात माझ्याविरुद्ध तर काहीच लिहिलेले नाही. मी त्याला सांगितले की हाच तुमचा सर्वांत मोठा मुद्दा आहे. हरकत काय होती, तिला उत्तर काय आले, कोणता कागद पाहिला, तो का मानला आणि दुसरा का मानला नाही, यांतले काहीही त्या तीन वाक्यांत नव्हते. कारणे नसलेला आदेश वरच्या अधिकाऱ्याला तपासताच येत नाही.

कारणांविषयी एक जुना खटला आपल्याच मुंबईचा आहे. अंधेरीला चित्रपटगृह बांधण्याची परवानगी पोलीस आयुक्तांनी १९४७ मध्ये दिली आणि थोड्याच दिवसांत, शासनाच्या निर्देशावरून ती रद्द करण्यात येत आहे, असे पत्र पाठवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा तो निर्णय आपला स्वतःचाच होता असे आयुक्तांच्या बाजूने सांगण्यात आले. गोरधनदास भानजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या: अधिकार ज्याला दिला आहे त्यानेच तो आपल्या बुद्धीने वापरायचा असतो, आणि सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्यात लिहिलेल्या शब्दांवरून लावायचा, अधिकाऱ्याने मागाहून दिलेल्या खुलाशावरून नव्हे. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात १९७७ साली हेच सूत्र पुन्हा आले. म्हणून अपिलाच्या वेळी खालचे कार्यालय ‘खरे तर आम्ही अमुक कारणाने नोंद मंजूर केली होती’ असा अहवाल पाठवू लागले, तर ते कारण मूळ आदेशात आहे का हे दाखवायला सांगावे.

आदेशात काय शोधायचे याचा माझा स्वतःचा क्रम असा आहे. आधी अधिकार, मग नोटीस, मग माझ्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर आहे का, आणि सर्वांत शेवटी निष्कर्ष बरोबर की चूक. लोक नेमके उलट्या क्रमाने जातात. निष्कर्षावर दोन शहाण्या माणसांचे दुमत होऊ शकते. नोटीस बजावलीच नव्हती यावर होत नाही.

अपील

उपविभागातल्या खालच्या महसूल अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्धचे अपील उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांतांकडे, जाते. प्रांतांच्या आदेशाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे, व्यवहारात बहुधा अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि तिथून वर विभागीय आयुक्तांकडे जाता येते. कलम २४७ आणि अधिनियमाची अनुसूची ई यांत ही उतरंड दिली आहे. जिल्हाधिकाऱ्यांहून खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर मुदत ६० दिवसांची आणि इतर बाबतींत ९० दिवसांची आहे. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात. म्हणून नकलेचा अर्ज आदेश कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी करावा आणि अर्जाची तारीख व नक्कल तयार झाल्याची तारीख दोन्ही नकलेवर आहेत ना हे पाहून घ्यावे. अपिलासोबत आदेशाची प्रमाणित नक्कल जोडावी लागते. भ्रमणध्वनीवर काढलेल्या फोटोने काम भागत नाही.

मुदत टळली असेल तर कलम २५१ खाली विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज द्यावा. त्यात ‘अज्ञानामुळे’ हा एक शब्द लिहून भागत नाही. नोंद केव्हा कळली, कशावरून कळली, त्यानंतर कोणत्या दिवशी काय केले, हे तारखांसह लिहावे. बहिणीला सोसायटीच्या कर्जासाठी सातबारा काढला तेव्हा कळले असेल, तर त्या उताऱ्यावरची तारीखच तिचा पुरावा आहे. उलट, जिचे नाव नोटिशीत होते आणि जिची सही पोचेवर आहे, तिने वीस वर्षांनी ‘आत्ताच कळले’ म्हटले तर तिला कोणी वाचवू शकत नाही, आणि वाचवूही नये असे माझे मत आहे.

अपिलाच्या मेमोत सर्व हितसंबंधितांना सामील करावे. एखादा मयत असेल तर त्याचे वारस आणावेत. जमीन दरम्यान विकली गेली असेल तर खरेदीदारालाही घ्यावे. ज्याला ऐकलेच नाही त्याच्याविरुद्ध मिळवलेला विजय पुढच्या पायरीवर हातातून जातो. कारणांच्या भागात ‘आदेश अन्यायकारक, एकतर्फी व बेकायदेशीर आहे’ असे ठसठशीत वाक्य लिहिण्याची रूढी आहे. त्याने कोणाचे भले झालेले मी पाहिलेले नाही. त्याऐवजी ‘हरकत अर्ज दिनांक अमुक, संचिकेतील पान अमुक, यातील दुसऱ्या मुद्द्याचा आदेशात उल्लेख नाही’ असे लिहावे. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ते पान उघडता आले पाहिजे. त्यासाठी खालच्या संपूर्ण संचिकेच्या, रोजनाम्यासह, नकला आधी काढाव्या लागतात; नकला मिळण्यात अडचण आली तर दहा रुपयांचे शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा, त्याला ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे.

अपील दाखल केले म्हणजे आदेश आपोआप थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज त्याच दिवशी द्यावा आणि थांबला नाही तर नेमके काय नुकसान होईल हे सांगावे: भाऊ जमीन विकण्याच्या तयारीत आहेत, विसार झाला आहे, किंवा भूसंपादनाचा मोबदला वाटला जाणार आहे. स्थगिती देण्याच्या किंवा नाकारण्याच्या आदेशाविरुद्ध या अधिनियमाखाली अपील होत नाही, त्यामुळे या अर्जावर पहिल्याच वेळी पुरेशी मेहनत घ्यावी.

याशिवाय दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पुनर्विलोकन म्हणजे ज्याने आदेश दिला त्याच्याकडेच, नवा महत्त्वाचा पुरावा सापडला किंवा आदेशात उघड दिसणारी चूक आहे म्हणून, ९० दिवसांत जाणे. ही कलम २५८ ची वाट. पुनरीक्षण म्हणजे वरिष्ठाने खालची संचिका मागवून आदेश कायदेशीर व योग्य आहे का हे पाहणे. ही कलम २५७ ची वाट, आणि तिच्या टोकाला राज्य शासन, म्हणजे प्रत्यक्षात महसूल मंत्री, असतात. मंत्री त्या खुर्चीवर असताना त्यांनाही दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात आणि कारणे द्यावी लागतात. कलम १५५ हे तिसरेच आहे. ते लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी आहे: क्षेत्र चुकीचे टंकले गेले, नावात अक्षर चुकले, दस्तातला गट एक आणि उताऱ्यात दुसरा आला. वारस वाढवणे किंवा मालक बदलणे हे ‘एकशे पंचावन्न’च्या अर्जाने होत नाही. कोणी करून देतो म्हणाला तर सावध राहावे, कारण तसा आदेश वर टिकत नाही आणि मधली वर्षे फुकट जातात. कूळ कायद्याच्या प्रकरणांचा रस्ता तर पूर्ण निराळा आहे. तिथे जिल्हाधिकाऱ्यांनंतर महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरण येते. गोव्यातल्या वाचकांनी त्यांचा १९६८ चा स्वतंत्र महसूल कायदा आणि सातबाऱ्यासारखा असलेला एक-चौदाचा उतारा पाहावा. तिथली कलमे आणि मुदती वेगळ्या आहेत.

या सगळ्या पायऱ्या संपल्यावर संविधानाच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तिथे जमीन कोणाची हे नव्याने ठरवले जात नाही. अधिकार होता का, सुनावणी झाली का, कारणे दिली का, ती कारणे समंजस माणसाला पटण्याजोगी आहेत का, एवढेच पाहिले जाते, आणि बहुतेक वेळा चूक आढळली तरी प्रकरण फेरनिर्णयासाठी खाली परत येते. फेरनिर्णयासाठी आलेल्या प्रकरणात माणसे ढिली पडतात. ‘वरून जिंकून आलो’ अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तो पुन्हा पहिला दिवस असतो. त्यामुळे आधी राहून गेलेले कागद, यादी करून आणि रोजनाम्यात नोंदवून, त्याच वेळी दाखल करावेत.

निकाल आपल्या बाजूने लागल्यावर

अंतिम आदेशाची प्रमाणित नक्कल घेऊन तलाठ्याकडे अंमल देण्याचा अर्ज करावा आणि त्याचीही पोच घ्यावी. आदेशाचा अंमल नव्या फेरफार क्रमांकाने होतो, त्यामुळे पुन्हा नोंद धरली जाते आणि ती पुन्हा प्रमाणित व्हावी लागते. ती प्रमाणित झाली की डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढावा आणि केवळ आपले नाव चढले एवढे पाहून थांबू नये. जुन्या नोंदीचा क्रमांक कंसात गेला का, आपल्या नावासमोर क्षेत्र आले की सामाईक दाखवले, इतर हक्कांच्या रकान्यात वाद चालू असताना भावांनी काढलेल्या कर्जाचा बोजा बसला आहे का, आणि खाते उतारा, म्हणजे गाव नमुना आठ-अ, सातबाऱ्याशी जुळतो का, हे चारही तपासावे. जुळत नसेल, तर येथे मात्र कलम १५५ चा अर्ज चालतो.